पाच मिनिटांचं कुलूप

ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी मी बाबांच्या टेबलावरचा कागद बघायची. बाबा लकडगंजातल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायचे. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं, पण चुका काढायची खोड गेली नाही. पेपरची बारीक अक्षरं दिसेनात म्हणून मी त्यांच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि रोज सकाळी पेपर त्याच्यावर उघडून अक्षरं बोराएवढी करून द्यायला लागले. डाव्या हातात लाकडी पट्टी, ती ओळीखाली धरायची आणि वाचायचं, अगदी छापखान्यात वाचत तसं. चूक सापडली की पट्टी ठेवून, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याच डाव्या हाताने लिहायची. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, पण काढलेली चूक कधी खोटी नसायची.

घरात त्यांचा एक शब्द चालायचा: गाळा. मजकुरात काही चुकीचं किंवा फालतू आलं की समासात ते 'गाळा' लिहीत. आम्ही भावंडं लहानपणी थापा मारायला लागलो की डोकं वर न काढता म्हणायचे, "गाळा." आई होती तेव्हा तिनेही तो शब्द उचलला होता. माझं लग्न मोडलं तेव्हा शेजारच्या काकू कारणं सांगत बसल्या, तर आई म्हणाली, "हे सारं गाळा, चहा घ्या."

मागच्या उन्हाळ्यात बाबांची यादी आखडली. सात-आठ चुका असायच्या तिथे दोन आल्या, मग एक, मग कोरा कागद. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाबा निस्ते बसून राह्यतात वं ताई, काळ्या टीव्हीकडे पाहत." मी बाबांना विचारलं, "आज काही वाचलं का?" त्यांनी मान हलवली. बराच वेळ ओठ हलले आणि मग शब्द आले, "बंद... होऊन राहिलं." बोलताना डावा हात कपाळाजवळून कुठेतरी पुढे गेला. मला वाटलं, ते डोक्याबद्दल सांगताहेत. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाजी गरम करायला गेले.

डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यानंतर हे व्हायचंच. मी भावाला फोन केला. तो पुण्याला असतो. तिकडे गेल्यापासून त्याचं 'मले' गेलं आणि 'मला' आलं, बाकी काही बिघडलेलं नाही. तो म्हणाला, "ताई, प्रॅक्टिकल हो. वर्धा रोडला चांगली जागा आहे म्हणतात, अशा माणसांना सांभाळतात. तू किती करशील?"

किती करशील, हे मला कोणी विचारलंच नव्हतं इतके दिवस. मी थकले होते, स्पष्टच सांगते. पहाटे उठून त्यांचं अंग पुसायचं, औषधं, डबा, कूलरमध्ये पाणी भरायचं, मग उन्हात स्कूटरवरून ऑफिस. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमाने. चीड यायची. परिस्थितीची यायची असं लिहिलं तर बरं दिसेल, पण बाबांचीच यायची. त्यामुळे भाऊ बोलला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. त्या जागेच्या लोकांना बाबांची हकीकत सांगणारा अर्ज पाहिजे होता. मी म्हटलं, रविवारी लिहिते.

रविवारी सकाळी बाबा दिवाणावर टेकले होते. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून अर्ज टाइप केला. शुद्धलेखनाची मला पर्वा नव्हती, एकदाचं उरकायचं होतं. 'वडिलांची मानसीक परीस्थिती खालावली असून त्यांना वाचलेले काही कळत नाही,' असं लिहिलं आणि दूध उतू जाईल म्हणून उठले. दूध झालं, त्यांचा चहा झाला, कणीकही मळून ठेवली. परत आले तर बाबा खुर्चीत येऊन बसलेले. स्क्रीनला कुलूप लागलेलं, म्हणजे पासवर्डची रिकामी चौकट आणि मागे कुठलासा बर्फाचा डोंगर.

मी दारातच थांबले. चौकटीखाली मीच चिकटवलेली चिठ्ठी होती, पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहिलेली. बाबा चिठ्ठी बघत, मग एका बोटाने कीबोर्डवर अक्षर शोधत. पासवर्डातलं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल होतं. मोठं अक्षर काढायला शिफ्ट दाबून धरायचं आणि तसंच धरून अक्षर दाबायचं. ते दोन हातांचं काम. बाबांनी शिफ्ट दाबलं, सोडलं, मग अक्षर दाबलं. बाकीची सगळी अक्षरं एकेक करून नीट मारली. चुकीचा पासवर्ड. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. न चिडता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आपलीच चूक कुठे होते ते शोधत होता.

"बाबा, काय करून राहिले?"

"आत... जाऊ देत नाही."

"कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कुलूप लावलं... तवापासून."

मीच लावलं होतं. आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं होतं, पासवर्ड कसा असावा, जागेवरून उठलं की स्क्रीन कशी लॉक झाली पाहिजे. मी शहाणी घरी आले आणि तेच सगळं बाबांच्या कॉम्प्युटरवर करून ठेवलं. पाच मिनिटं हात लागला नाही की आपोआप लॉक. बाबांना एक पान वाचायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि हात तर पट्टीवर. संध्याकाळी मी आले की दोन सेकंदांत पासवर्ड मारून उघडायची. मला ते कुलूप आहे हेसुद्धा आठवत नसे.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. बंद होऊन राहिलं... म्हनलो."

मी खालीच बसले, फरशीवर. कुलूप लावल्यावर पहिल्या आठवड्यात ते ऑफिसात रोज फोन करायचे, तेही मग आठवलं. फोनवर त्यांचं काही कळायचं नाही आणि साहेब समोर उभे. एकदा मी ओरडले होते, "बाबा, मी काम करून राहिली ना!" त्यानंतर त्यांचा फोन आला नव्हता. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

उठून पासवर्ड मारला, सेटिंग उघडली. किती वेळाने बंद करायचं त्याची यादी होती, एक मिनिट, दोन, पाच, आणि सगळ्यात खाली 'कधीच नाही'. ते निवडलं. दोघं समोर बसून राहिलो. पाच मिनिटांनी स्क्रीन पुन्हा काळी आणि पुन्हा तो मेला डोंगर. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग कळलं की स्क्रीन बंद होणं वेगळं, कॉम्प्युटर झोपणं वेगळं आणि कुलूप वेगळं. सरकारी कचेरीत एका खिडकीवर काम झालं तरी दुसऱ्या खिडकीवरचा माणूस ओळख देत नाही, तसं. तिन्ही ठिकाणी जाऊन 'कधीच नाही' केलं. पासवर्ड काढला, चिठ्ठी फाडली. ज्या घरात चोराला न्यायला कूलर तेवढा आहे, तिथे मी कोणापासून काय राखत होते, देव जाणे.

हात हलला नाही की समोर कोणी नाही असं ते यंत्र समजायचं. त्याला काय बोलणार, मीही तेच समजले होते.

"वाचा आता पाहिजे तितकं," म्हटलं आणि पिशवी घेऊन गोकुळपेठेत भाजीला गेले. खरं तर मला घराबाहेर थोडं रडायचं होतं, पण बाजारात ओळखीचे भेटले आणि ते राहून गेलं. तासाभराने संभाराची जुडी, वांगी, लिंबं घेऊन आले. बाबा स्क्रीनसमोर, पट्टी ओळीखाली, आणि स्क्रीन लख्ख चालू. बरं वाटलं. जवळ गेले तेव्हा लक्षात आलं. पेपर उघडून द्यायचा मी विसरले होते. समोर माझा अर्ज होता.

टेबलावर पाठकोरं पान, त्यावर त्यांचं वेडंवाकडं अक्षर.

मानसीक नाही, मानसिक.

परीस्थिती नाही, परिस्थिती.

त्याच्या खाली, 'त्यांना वाचलेले काही कळत नाही' हे माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. एवढं लिहायला किती वेळ लागला असेल. आणि त्याच्यापुढे: गाळा.

मला तोंड वर करवेना. पट्टी त्या ओळीखालून काढून बाबांनी टेबलावर ठेवली आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली, मला बसायला जागा करत. छापखान्यात चूक दाखवून झाली की ती दुरुस्त होईपर्यंत ते तिथेच उभे राहायचे, तसे बसले.

मी आधी ते वाक्य गाळलं. मग त्याच्या वरचं. मग विनंती, मग विषय, मग त्या जागेचा पत्ता. बाबा एकेक ओळ जाताना बघत होते. शेवटी पान पांढरं झालंसं वाटलं.

"तारीख राहिली वं," बाबा म्हणाले.

मी तारीख गाळली आणि त्यांना पेपर उघडून दिला.