शून्याची ओळ

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मी रोजचा उत्पादनाचा रिपोर्ट काढते. कुठल्या मशीनवर किती मीटर कापड रंगलं, ते त्यात असतं. माझे वडील, आबा, त्याच मिलमध्ये कापड रंगवायचं जेट मशीन चालवायचे. गेल्या वर्षी काम कमी झालं, त्यांचं मशीन बंद पडलं आणि आबांना कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात बसवलं. रिपोर्टात त्यांच्या मशीनसमोर शून्य येऊ लागलं.

एकदा मिलचे गुजराती शेठ तो रिपोर्ट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बेन, आ खाली लाइनो काढी नाखो. पार्टी जुए तो सारुं नथी लागतुं." रिकाम्या ओळी काढून टाकायच्या, बाहेरच्या व्यापाऱ्यांना शून्यं दिसू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी डेटाबेसमध्ये अट घातली: बेरीज शून्य असेल तर ओळ छापायची नाही. हात लागलाच होता म्हणून आकडेही नीट केले. हजाराला स्वल्पविराम, पॉइंटनंतर दोनच घरं, सगळे उजवीकडे एका रेषेत. अनुक्रमांक आपोआप वर सरकले. मधे फटसुद्धा राहिली नाही. शेठ खूश झाले.

रिपोर्टाची एक प्रत गेटजवळच्या फळ्यावर लागायची. दुपारी आबा ऑफिसच्या दारात आले. आत ते कधीच येत नसत.

"मनं मशीन कथं गयं, माय?"

"आबा, बंद मशीनं आता छापत नाहीत."

"शून्य तरी व्हतं ना," ते म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी डिंडोलीला घरी परतताना रिक्षात ते बाहेरच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी शेठना विचारलं, त्या ओळींत नुसतं 'बंद' लिहिलं तर चालेल का. "केम?" त्यांनी विचारलं. ते रागावले नव्हते, कशासाठी ते त्यांना खरंच कळलं नव्हतं. वडिलांचं नाव काढायचा मला धीर झाला नाही; ओळी गाळलेल्याच राहिल्या.

दिवाळीआधी आबांचं मशीन गॅसकटरने कापून भंगारात गेलं. आबा त्या दिवशी कामावर आले नाहीत, नंतरही नाहीत. आता घरीच असतात. मी परतले की विचारतात, "मिल चालू शे का?" मी हो म्हणते. किती मशीनं चालू आहेत, हे मात्र आबा विचारत नाहीत.