चिंचेनं पुसलेल्या रेघा

सूनबाई पितळेच्या तांब्याला चिंच लावायला बसल्या की त्या वासानं माझी आजही चिडचिड होते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याला भूगर्भशास्त्र शिकत होतो. सुट्टीत गावी, कामथडीला येताना सरांकडून प्रवाळाचा एक जीवाश्म मागून आणला होता, बोटभर लांब, शिंगासारखा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात तो जीव रोज केसाएवढी एक रेघ वाढत गेला होता, आणि दर वर्षाला एक ठळक कडं उमटलं होतं. भिंगातून त्या रेघा मोजून मला प्रबंध लिहायचा होता.

तिसऱ्या दिवशी शेतावरून आलो, तर आई भांडी घासत होती आणि माझा प्रवाळ तिच्या हातात!

"लई मळकट व्हता रं. चिंचेनं बग कसा उजाळला!"

आंबटानं वरचा थर विरघळून रेघा पार गुळगुळीत झाल्या होत्या.

"अगं आई, एकेक रेघ म्हणजे एकेक दिवस होता! तेव्हा वर्षाचे चारशे दिवस असायचे, ते यावरून कळतं. आता सरांना काय दाखवू? तुला काही कळतं का?"

तिनं प्रवाळ पदराला पुसला. मग हळूच म्हणाली, "वरीस येवढंच आसंल, तर तवा दिस बारका आसंल न्हवं?"

पृथ्वी तेव्हा स्वतःभोवती जोरात फिरायची, म्हणून दिवस आखूड होता, हे उमगायला मला वर्गात आठवडा लागला होता. शाळेचं तोंड न पाहिलेली आई ते सहज बोलून गेली. आणि मी "तू गप बस" म्हणून तरातरा बाहेर पडलो.

सरांनी बोलणी ऐकवली, पण दुसरा नमुना दिला. आईचं बरोबर होतं, हे मात्र मी तिला कधीच सांगितलं नाही.