निळ्या धुळीवर आळ

उल्हासनगरच्या स्कॅन सेंटरात एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसली होती. खोकला आला की पदर तोंडावर धरायची आणि मग पदराकडे नीट बघायची.

"आता निळं नाय पडत," ती मला म्हणाली.

ती घरी जीन्सचे सुटे धागे कापायची. निळी धूळ दिवसभर नाकातोंडात जायची. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला, त्याला तीन वर्षं झाली होती. यंदा खोकला सुरू झाला तेव्हा तिने धुळीला दोष दिला आणि काम सोडलं. खोकला मात्र थांबला नाही.

"डॉक्टर बोलले, तो स्तनाचाच कॅन्सर आहे, रक्तातनं फुप्फुसात गेलाय. धुळीचा काय संबंध नाय." मग ती म्हणाली, "उगाच काम सोडलं ओ. चार बाया माझ्या दारात बसायच्या धागे कापायला. आता दुसरीकडे बसतात."

बोलता बोलता तिने पर्समधून छोटी कात्री काढली आणि माझ्या जीन्सचा लोंबणारा धागा कापून टाकला.

तेवढ्यात तिचा नंबर आला. "सोबत कोण आहे?" आतल्या मुलीने विचारलं.

मला काही न विचारता तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिची पर्स घेऊन उठले.