चार बोटं

त्या काळ्या रंगाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. तेलकट, कुबट वास. मी ऑपेराच्या थिएटरात कपडे सांभाळते, म्हणजे धुते, उसवलेलं शिवते, इस्त्री करते आणि गाणाऱ्यांनी घामाने घाण केलेलं पुन्हा माणसांत आणते. दरवर्षी तिथे एक तीनशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा व्हायचा. त्यातला काळा राजा लढाईत हरतो, कैद होतो आणि शेवटी गोऱ्या राणीच्या खांद्यावर डोकं टेकून मरतो. राजा व्हायचा तो गायक मुळात लोण्यासारखा गोरा. आरशासमोर बसून तो तोंडाला, मानेला, हातांना तो रंग थापायचा आणि डाग काढायला मी होतेच. एकदा त्याने माझा हात धरून आपल्या गालाशी लावून बघितला, रंग जुळतोय का म्हणून. मी म्हटलं, जुळतोय की, फक्त माझा घासून निघत नाही. तो खो खो हसला. मला शिसारी आली.

राणीचा झगा पांढरा, रेशमी. त्याला तो रंग एकदा लागला की झगा गेलाच कामातून. म्हणून आमच्याकडे एक नियम होता. राजाने डोकं टेकायचं नाही, टेकल्यासारखं करायचं. गाल आणि खांदा यांच्यात चार बोटं जागा ठेवायची. प्रेक्षकांना लांबून काय कळतंय! तरी चुकून लागलाच तर असावी म्हणून मी झग्याच्या खांद्यावर एक पांढरी पट्टी टाचून द्यायचे. तालमीत दिग्दर्शक कुणीही असो, त्या जागेला ओरडायचाच, "चार बोटं सांभाळा!"

आता भावजींचं सांगते. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, कोरसात मागच्या रांगेत गायचे. उंच, रुंद, काळेभोर आणि सांगितल्याशिवाय जागचे न हलणारे, म्हणून सगळे त्यांना खांब म्हणायचे. आवाज असा की खर्जात उतरले की माझ्या टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. पण आमचं सगळं घरच काळं, तेव्हा पुढे कोण उभं करणार? काळ्या राजासाठीसुद्धा काळा माणूस चालत नव्हता, बोला! हां, तालमीला मात्र चालायचा. तो मोठा गायक तालमीला सहसा फिरकायचा नाही, मग उंची जुळते म्हणून त्याच्या जागी भावजी. वर्षानुवर्षं त्यांनी ते मरण दुसऱ्यासाठी मरून दाखवलं. तोंडाला रंगाचा ठिपका नाही, तरी तालीम म्हणजे तालीम, चार बोटं सांभाळूनच.

सासूबाई त्या थिएटरात एकदाच आल्या होत्या. रंग फासलेला राजा बघितला आणि अर्ध्यातून उठून घरी आल्या. "आपल्या तोंडाचं सोंग काढून टाळ्या घेतात मेले, आणि माझा मुलगा मागे उभा," म्हणाल्या. "तू स्वतःच्या तोंडाने पुढे उभा राहशील, त्या दिवशी मला बोलाव." भावजींनी ते काळजात जपून ठेवलं होतं. तसं बोलून कधी दाखवलं नाही, पण एका घरात राहिल्यावर कळतंच की. सासूबाई आता थकल्या होत्या, जिना उतरायचा म्हटलं तरी दोघांनी धरावं लागायचं.

अशात तो नवा दिग्दर्शक आला. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. म्हणाला, जुना ऑपेरा मधे मधे कापून त्यात आजच्या काळातली नवी गाणी घालायची, जुनं आणि नवं एकमेकांसमोर उभं करायचं, आणि सगळा प्रयोग वर्णभेदावर. रंगाच्या डब्या बंद. राजा होणार आमचा खांब. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला रडू आलं. घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून ठेवणीतले कपडे बाहेर काढून वाळत टाकले.

पण आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. पहिल्याच दिवशी तो मफलरवाला भावजींभोवती गोल फिरला आणि काय पोत, काय तेज, असं म्हणत सुटला. मी कापडाबद्दल तसं बोलते. मग म्हणे अंगावर कपडा नको, नुसत्या साखळ्या. मी कपडेवाली, माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या दिराला उघडा करून उभा करणार आणि वर त्याला कला म्हणणार! मी न विचारता सदरा शिवला, आणि सदरा राहिला. मग त्याने भावजींना विचारलं, तुमच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख दडलंय, ते आत्ता या क्षणी कुठे जाणवतंय? भावजींनी शांतपणे विचारलं, जेवणाची सुट्टी कधी आहे?

सगळ्यात किळसवाणी ती बैठक. गोल करून बसायचं आणि वर्णभेदाबद्दल प्रत्येकाने मन मोकळं करायचं. एकेक गोरा हुंदके देऊन रडला. आमच्या आजोबांनी असं केलं, आम्हाला किती वाईट वाटतं, वगैरे. रुमाल भिजले, नाकं वाजली. आणि त्या रडणाऱ्यांना पाणी कोण आणून देत होतं? भावजी! सवयीने उठले आणि पेले भरभरून आणले. माझ्या तोंडाची चवच गेली.

मग शेवटच्या प्रवेशाची तालीम लागली. राणीचं काम करणारी बाई जुनीच, आम्ही तिला राणीबाईच म्हणतो. भावजी वाकले, आणि तिने खांदा अलगद मागे घेतला, चार बोटं. मी म्हटलं, जित्याची खोड! मफलरवाला मात्र टाळ्या वाजवत पुढे धावला. हे अंतर, म्हणाला, हेच आपलं सगळं नाटक, कुणीही याला हात लावायचा नाही.

आयुष्यात कधी काही न मागितलेले भावजी तेव्हा बोलले. "मी डोकं टेकणार. नाहीतर त्या जुन्या राजाला बोलवा, डबी अजून कपाटात आहे. माझी आई येणार आहे. तिच्यासमोर मला कुणी लांब धरलेलं चालणार नाही."

मफलरवाल्याचं तोंड कडू झालं, पण प्रयोग तोंडावर आलेला, दुसरा राजा आणणार कुठून? बरं, म्हणाला. फक्त आता तालमीत नको, थेट प्रयोगातच टेका, ताजं राहील. मला वाटतं, आयत्या वेळी विसरतील अशी त्याला आशा असावी.

त्याच दिवशी राणीबाई माझ्याकडे झगा घालून बघायला आली. आरशात खांदा न्याहाळला आणि म्हणाली, "पट्टी नाही टाचलीस?"

"कशाला?"

"रंग लागेल ना."

"कुठला रंग?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या हातांकडे, आणि कानापर्यंत लाल झाली. सवय गं, सवय, असं पुटपुटली. खरं सांगायचं तर बाई वाईट नाही. डोळ्यांत पाणी आणून तिने मला वचन दिलं की मी स्वतः त्यांचं डोकं जवळ घेईन. मी मान डोलावली आणि तोंडात टाचण्या धरून काम करत राहिले, म्हणजे जास्त बोलायला नको.

पहिला प्रयोग. सासूबाई पुढच्या रांगेत, मधोमध. मी विंगेत. भावजी स्वतःच्या तोंडाने, मी शिवलेल्या सदऱ्यात उभे राहिले आणि गायले. जुनं गाणं गायले तेव्हा लोक भारावले. नव्या गाण्यात तो राजा विचारतो की मला शेवटचं कुणी जवळ घेतलं होतं, ते गायले तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. सासूबाई ताठ बसल्या होत्या, हनुवटी वर. आज माझ्या मुलाला बघा, असं सगळ्या रांगेला सांगत असल्यासारख्या.

आणि मग शेवट आला. राणीबाई गुडघ्यांवर बसली. दिलेला शब्द तिने पाळला. दोन्ही हातांनी भावजींचं डोकं धरलं आणि खांद्याकडे ओढलं. भावजी वाकले, वाकले, आणि थांबले. चार बोटांवर. मला विंगेतून त्यांच्या मानेच्या ताठ झालेल्या शिरा दिसत होत्या. ती ओढत होती. ओठांनी "या ना" म्हणालेलीसुद्धा मला दिसली. भावजी तसेच, अधांतरी, आणि राजा तिथेच मेला.

लोक उठून उभे राहिले. कोसळल्यासारख्या टाळ्या. मफलरवाला माझा दंड धरून ढसाढसा रडत होता, त्याला कळलं, अंतर कळलं त्याला, म्हणत. मी त्याचा हात झटकून टाकला.

रंगपटात झुंबड उडाली. त्या चार बोटांचं काय कौतुक चाललं होतं! किती सूचक, किती थोर. झगा पांढराच्या पांढरा राहावा म्हणून काढलेली ती युक्ती, आणि आता थोर झाली. राणीबाई कोपऱ्यात झगा न काढताच बसून होती. भावजी आलेल्या प्रत्येकाला मान हलवून आभार मानत होते.

गर्दी ओसरल्यावर मी सासूबाईंना हाताला धरून आत आणलं. त्यांनी मुलाच्या गाण्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"ती घेत होती तुला जवळ," त्या म्हणाल्या. "मला दिसलं. तू का थांबलास?"

भावजी आपल्या हातांकडे बघत होते. तळवे, मग पालथे हात.

"झगा पांढरा होता, आई," ते म्हणाले. "लागलं असतं."

सासूबाईंनी त्यांचं डोकं धरलं आणि आपल्या खांद्यावर दाबलं. भावजींची मान बराच वेळ ताठच राहिली. दाराबाहेर मफलरवाला कुणाला तरी अंतराचा अर्थ समजावून सांगत होता.