आठ-एकोणचाळीसचा वस्ताद

वस्तादांनी माझा पहिला अपमान केला तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा माणूस माझ्या गाडीखाली होता. "या गाडीला तेल लागतं, हे मालकाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं," असं खालून ऐकू आलं. मालक मीच होते, आणि समोर दुसरं कुणी उभंही नव्हतं.

परभणीत गंगाखेड रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. जुनी अँबॅसिडर नीट करणारा तेवढाच एक माणूस उरलाय, असं सगळे सांगायचे आणि पुढं म्हणायचे, "पण तोंडाला लागू नका." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तोंडाला लागणं हा माझाही स्वभाव. गाडी हौसेनं घेतलेली, माझ्याहून वयानं मोठी. वेग वाढला की मागून कुणी हुंदके द्यावेत तसा आवाज यायचा.

गिऱ्हाइकाला लाजवायची त्यांची एक खास रीत होती. काढलेलं जुनं तेल दोन बोटांवर घ्यायचे आणि ती बोटं थेट गिऱ्हाइकाच्या नाकापुढं धरायचे. "वास घ्या." मी मान मागं घेतली. "घ्या की. तुमचंच पाप हाय." तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. मागच्या दोन चाकांच्या मधल्या डब्यात क्राऊन नावाचं मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. दोन्हींचे दाते झिजले होते. नवी जोडी घालायची, तर ती किती दात्यांची, एवढाच प्रश्न होता.

मी घरून हिशेब करून नेला होता. मोठ्या चाकाच्या दात्यांना छोट्याच्या दात्यांनी भागायचं. उत्तर लहान आलं तर गाडी सपाट रस्त्यावर आरामात पळते, पण चढाला दम टाकते. मोठं आलं तर चढ सहज चढते, पण पळताना इंजिन ओरडतं. मला नांदेडच्या रस्त्यावर पळायचं होतं. मी म्हणाले, "त्रेचाळीस दात्यांचा क्राऊन, दहाचं पिनियन."

"आठ-एकोणचाळीस," वस्ताद म्हणाले. म्हणजे आठचं पिनियन, एकोणचाळीसचा क्राऊन, चढाची जोडी. कागदाकडं त्यांनी बघितलंही नाही.

"का?"

"गाडीत कोण कोण बसणार? कुठं कुठं जाणार?"

"तुम्हाला काय करायचंय?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "मग त्या कागदावर बसून जा नांदेडला. चला, गाडी हलवा हितून. मला कामं हायेत."

माझ्यासोबत बाबा होते. निवृत्त गुरुजी, वय शहात्तर. ते तिथल्या बाकावर बसून हे सगळं तमाशा बघावा तसं बघत होते. मी संतापून गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजात नेली आणि दहा-त्रेचाळीसची जोडी घालून घेतली. गाडी नांदेडच्या रस्त्यावर लोण्यासारखी पळाली. परत येताना मी मुद्दाम वस्तादांच्या दारावरून गेले आणि लांबलचक हॉर्न दिला. ते बाहेर आले नाहीत.

महिन्याभरात बाबांनी गावी जायचं काढलं. गाव सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. नव्या बुद्धविहाराचा कार्यक्रम होता. बाबा, आई, दोन आत्या, मी आणि डिकीत तांदळाचं पोतं. नदीकडून गावात चढणारा रस्ता उभा आहे. अर्ध्यावर इंजिन गुदमरलं. मी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत, सोडत राहिले. जळका वास सुटला आणि गाडी मागं सरकायला लागली. आत्या ओरडल्या. सगळ्यांना उतरवलं. मी हँडब्रेक ओढून वळून बघते, तर बाबा मागून गाडीला खांदा लावून उभे.

"बाबा, सोडा!"

"ह्या चढावर सवय हाय मला," ते हसत म्हणाले. "लहानपणी पाटलाची अशीच गाडी ढकलायचो आमी. बसायला मिळायची न्हाई, ढकलायला मिळायची."

वर पोचल्यावर त्यांना धाप लागली. बराच वेळ ते दगडावर बसून होते. गावातली माणसं पाणी घेऊन आली. आपल्या लेकीच्या गाडीतून त्यांना गावात उतरायचं होतं, आणि ते चालत आले.

वस्तादांकडं परत जाणं मला विष पिण्यासारखं होतं. गेले. ते "बघितलं का" म्हणतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि अंगावरच आले. "म्हाताऱ्या माणसाला ढकलायला लावलं? इचारलं होतं ना मी, कोण बसणार म्हणून? शिकलेल्या हायेत म्हनं!" रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

मग त्यांनी ग्रीसमध्ये लडबडलेली, गोणपाटात गुंडाळलेली त्यांची आठ-एकोणचाळीसची जोडी काढली. घालण्याआधी खडूची खूण करून दाते मोठ्यानं तीनदा मोजले. शेजारचा वेल्डिंगवाला आणि त्याचे दोन जाडजूड भाऊ मागं बसवले, स्वतः पुढं बसले आणि मला म्हणाले, "चला, कुठं हाय तो चढ." एवढ्या लांब! चढ गाडीनं मुकाट चढला.

परतताना मोकळा रस्ता लागला. ऐंशीच्या पुढं इंजिन असं किंचाळायला लागलं, की मागचे तिघं गप्पा थांबवून बसले. वस्ताद खिडकीला कान लावून ऐकत राहिले, मग तोंड वाकडं केलं.

गाडी त्यांच्याकडंच ठेवली होती; दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले, तर ती पुन्हा उघडलेली. मी सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस दात्यांचा क्राऊन, नऊचं पिनियन. त्यांचीही नाही, माझीही नाही, अशी मधली जोडी. ती घातल्यावर गाडी चढही चढली आणि रस्त्यावर बोलूही देऊ लागली.

"म्हणजे तुमचंही चुकलं होतं," मी म्हणाले.

"मी आधीपासून हेच म्हणत होतो," वस्ताद म्हणाले. धडधडीत खोटं! चार माणसं साक्षीला होती. वेल्डिंगवाले तिघं भाऊ वर बघायला लागले आणि बाबा तोंडावर रुमाल धरून हसत होते.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी तिथं जात राहिले, भांडत राहिले. बाबा कामाशिवायही जायचे. ते का जातात, हे मला तेव्हा उमगायचं नाही. मग वस्तादांची नजर गेली. गॅरेज बंद झालं आणि लातूरची लेक त्यांना न्यायला आली. बाबांच्या हट्टानं मी स्टेशनवर गेले.

बाबांनी फोन नंबर मागितला. "कशाला? मी उचलत न्हाई," वस्ताद म्हणाले. मी "भेटायला येते" म्हणाले, तर "कोण बोलवायलंय," म्हणून त्यांनी तोंड दुसऱ्या खिडकीकडं वळवलं. गाडी सुटली. बाबा प्लॅटफॉर्म रिकामा होईपर्यंत उभे होते.

"वाईट माणूस होता, बाबा," मी म्हणाले.

"व्हता," बाबा म्हणाले. "पण 'या गुरुजी, या गुरुजी' म्हणून गोड बोलून दाराबाहेर बसवणारे लय बघितले मी. ह्यानं पहिल्याच दिवशी शिवी घातली आणि आपल्या उष्ट्या पेल्यातला अर्धा चहा मला दिला. जात इचारली न्हाई. नंतर कळली तरी पेला तोच राहिला."

वस्तादांवरचा माझा राग अजूनही गेलेला नाही. तो बाबांना कधीच नव्हता, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.