क्षेपणास्त्र न सोडणारे पगारेसाहेब

भास्करराव पगारेसाहेबांची माझी ओळख झाली ती बोलणी खाऊन. नौदलात मी नवाच होतो, युद्धनौकेवरच्या क्षेपणास्त्र विभागात माझी नेमणूक झाली होती आणि साहेब तिथले प्रमुख नाविक होते. "कुठला रं तू?" "लासूर स्टेशन." "मंग हात खिशात घालून काय हुभा? ह्यो तुझ्या लासूरचा बाजार नाय!" साहेबही आमच्याच भागातले, शहरात औरंगपुऱ्यात वाढलेले, हे त्याच संध्याकाळी कळलं. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी माझ्या ताटात वाढली होती.

जहाजावर मारा करणारं क्षेपणास्त्र पाण्याला जवळजवळ चिकटून धावतं आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार उघडून लक्ष्य शोधतं. एका सरावात लक्ष्य म्हणून जुनं, रिकामं जहाज उभं केलं होतं. डेकवर पाहुणे दुर्बिणी लावून बसले होते. 'क्षेत्र मोकळं' हा शब्द पगारेसाहेबांनी द्यायचा, मगच मारा व्हायचा. पडद्यावर लक्ष्याजवळ एक फिकट ठिपका होता. लाटांचाही असेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. वरून विचारणा झाली. साहेब म्हणाले, "क्षेत्र मोकळं नाही." पुन्हा विचारणा, पुन्हा तेच उत्तर. शेवटी हेलिकॉप्टर पाठवलं, तर इंजिन बंद पडलेली मच्छीमारांची बोट निघाली. माणसं अंगातले सदरे काढून हलवत होती. कप्तानांनी स्वतः खाली येऊन साहेबांचा हात हातात घेतला.

हाच परिच्छेद साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीतल्या एका सदस्यांनी मला परत पाठवला. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान आहे, माणूस वाईट नाही. "त्ये मच्छीमाराचं काढा वो. लई मिळमिळीत वाटतंय. साहेबांनी किती जहाजं बुडवली त्ये लिवा." मी म्हटलं, "एकही नाही." "मंग छापायचं काय?" तळपायाची आग मस्तकात गेली. मुखपृष्ठासाठी त्यांनी पेटलेल्या जहाजाचं चित्रही निवडून ठेवलं होतं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात; दुरून जळणारी जहाजंही साजरी दिसतात, हे मला अलीकडेच कळलं. माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. तो ज्या वाटेनं चालला होता, तिथे पहाऱ्याला युद्धनौका असूनही एक मालवाहू जहाज क्षेपणास्त्रानं पेटलं. हॉटेलातल्या टीव्हीवर ते दाखवत होते. शेजारच्या टेबलावरचा एकजण हातावर टाळी देत म्हणाला, "क्या मारा भाई, एकदम बीच में!" मी कप आपटला आणि घरी आलो. त्या धुरात कुणाची तरी पोरं होती, आणि हा टाळ्या देतोय!

मुलाचा फोन लागेना. पगारेसाहेब दुखरे गुडघे घेऊन रिक्षानं आले आणि माझ्या शेजारी बातम्या बघत बसले. मी विचारलं, "साहेब, लढाईचं जहाज कुठलं न् मालाचं कुठलं, हे त्या क्षेपणास्त्राला कळतं का हो?" दुसऱ्या कुणीही धीर द्यायला खोटं सांगितलं असतं.

"त्याचा भरवसा नाय, अंबादास," साहेब म्हणाले. "सोडणाऱ्याला कळाया पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला, तोवर साहेब घरी गेले नव्हते. मी रडत होतो आणि साहेब माझ्या बायकोला म्हणत होते, "आता च्या टाका वयनी, साखर जास्त घाला."

समितीला माझं सांगणं आहे की एकही ओळ गाळू नये. गाळायची असेल तर लेखच परत करावा. आणि मुखपृष्ठावरून ते पेटलेलं जहाज उतरवा. साहेबांनी उभ्या आयुष्यात असलं चित्र भिंतीवर लावलेलं नाही.

साहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे बरे राहोत, नजर शाबूत राहो आणि त्यांनी सुखानं शंभरी ओलांडावी. पुढच्या महिन्यात माझा मुलगा पुन्हा त्याच वाटेनं निघतो आहे. बातम्या बघताना साहेब मला शेजारी हवे आहेत.