उशीर कोणी केला

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. आम्ही दोघंही डॉक्टर. जेवताना एकमेकांच्या चुका आम्ही लोणच्यासारख्या तोंडी लावतो — पण ही एक मी कधी ताटात वाढली नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि पहिल्याच वाक्यापासून आडवळणं शोधते आहे, हे माझं मलाच दिसतंय.

स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मध्यमसं खासगी हॉस्पिटल आहे. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा तिथला कोविड वॉर्ड माझ्याकडे होता. त्या दिवसांबद्दल लोक अजून आदराने विचारतात. सोसायटीने मला शाल दिली, टाळ्या वाजवल्या. त्या शालीचा मला संताप येतो. बिचाऱ्या शालीचा काय दोष — पण येतो.

आमच्या धंद्यात एक वाक्य फार सोयीचं आहे. ‘पेशंटला उशिरा आणलं.’ पुष्कळदा ते खरंच असतं. पण किती वेळा खरं आणि किती वेळा नुसतंच सोयीचं, हे कोण तपासतं? गेलेला माणूस थोडाच सांगायला येतो? घरचे तर आधीच मान खाली घालून उभे असतात. त्या खाली घातलेल्या मानेवर आम्ही हे वाक्य ठेवतो आणि हात धुऊन पुढच्या पेशंटकडे जातो.

मी ते एकदा ठेवलं, ते कसं ठेवलं, ते सांगायचं आहे.

सुनील नावाचा एक माणूस होता. बसच्या डेपोत मेकॅनिक. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. भर दुपारी एकटाच आला, हॉस्पिटलच्या दाराबाहेर आम्ही मांडव घातला होता तिथे. रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, ताप येऊन-जाऊन होता, आणि घरी वेगळ्या खोलीत राहत होता. मला म्हणाला, “मॅडम, एवढी वर्षं हाताला डिझेलचा वास येतो म्हणून बायको ओरडते. आता मलाच येईना. म्हटलं, दाखवून यावं.” आणि हसला. बायकोला औषधं आणायला जातो असं सांगून आला होता. उगाच घाबरते, म्हणाला.

मी बोटाला मशीन लावलं. आकडा चौऱ्याऐंशी. दुसऱ्या बोटाला लावलं. तोच.

तुम्ही डॉक्टर नसाल तर सांगते — हा आकडा पंच्याण्णवच्या वर हवा. चौऱ्याऐंशीला माणूस धापा टाकतो. पण या आजाराची हीच तर लबाडी होती. काही माणसांचा ऑक्सिजन आतल्या आत उतरत जायचा आणि माणूस समोर बसून गप्पा मारायचा, चहा मागायचा. दम लागायचा तो अगदी शेवटी. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्याच आठवड्यात मी हे ज्युनियर मुलांना समजावून सांगितलं होतं — पेशंटच्या बोलण्यावर जाऊ नका, आकड्यावर जा. आणि सुनीलचे ओठ निळसर पडले होते. तेही मी पाहिलं.

वॉर्डात ऑक्सिजनची एक खाट रिकामी होती. हो, होती. आणि सकाळीच आमच्या एका विश्वस्तांचा फोन आला होता. त्यांच्या मेव्हण्यांना ताप आहे, घरात सगळे घाबरलेत, संध्याकाळपर्यंत आणतो, एक खाट बघाल ना? मेव्हण्यांचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव होता. मी ‘बघते’ म्हणाले होते. विश्वस्तांच्या माथी मला काही मारायचं नाही. त्यांनी नुसतं विचारलं होतं. नाही म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? कोणी मला कामावरून काढणार होतं? त्या दिवसांत? डॉक्टर मिळत नव्हते तेव्हा? मला फक्त त्यांच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं. एवढंच. इतकं क्षुल्लक.

मी सुनीलला म्हणाले, “हे मशीन बिघडलंय. तुम्ही चांगले बोलताय, चालत आलात. घरी जा, पोटावर झोपा, पाणी प्या.”

तो म्हणाला, “चला, म्हणजे मशीनच आजारी.” नमस्कार करून गेला. मी केसपेपरही केला नाही.

आता वाटेल, संपलं, हाच तो गुन्हा. नाही. एवढाच असता तर कदाचित कधीतरी नवऱ्याला सांगितलाही असता.

तीन-चार दिवसांनी त्याची बायको त्याला रिक्षातून घेऊन आली. संगीताताई. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तेव्हा त्याला एक अख्खं वाक्य बोलता येत नव्हतं. मानेचे स्नायू श्वासासाठी ओढत होते. मेव्हणे तोवर ठणठणीत होऊन घरी गेले होते, त्यामुळे तीच खाट त्याला मिळाली. मी पीपीई किटमध्ये होते, तरी आवाजावरून त्याने मला ओळखलं. मास्क बाजूला सारून तुटक तुटक म्हणाला, “मॅडम — मशीन — दुरुस्त झालं का?”

त्याला कळलं होतं का? की आपल्या पद्धतीने गंमतच करत होता? मला आजही सांगता येत नाही. मी त्याचा मास्क नीट बसवला आणि “बोलू नका” म्हणाले. बोलू नका. त्याच्या भल्यासाठीच सांगत होते ना? नंतर त्याला पालथं झोपवलं, ऑक्सिजन वाढवत नेला, शेवटी व्हेंटिलेटर. फुप्फुसं दगड झाली होती. मी जिवापाड प्रयत्न केले, हे खरं आहे, आणि त्याला काही अर्थ नाही, हेही खरं आहे.

तो गेला त्या सकाळी संगीताताई खाली फाटकाशी उभ्या होत्या, सोबत कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला मुलगा. मी जाऊन सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी रोज म्हणत होते दवाखान्यात चला. ते म्हणायचे, मला काही होत नाही, मी चांगला बोलतोय की. मॅडम, मी त्यांचं ऐकायला नको होतं, नाही का? दोन दिवस आधी आणलं असतं तर?”

‘मी चांगला बोलतोय’ — हे त्याचं नव्हतंच. माझं होतं ते, त्याच्या तोंडी. म्हणजे तो आल्याचं त्याने घरी सांगितलं नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघत होता. हुशार डोळे. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? हा मुलगा चौकशी करील. आणि लगेच दुसरं — जो स्वतःला अपराधी समजतो, तो चौकशी करत नाही.

मी म्हणाले, “हो. उशीरच झाला तुम्हाला.”

थकव्याने तोंडून निसटलं नाही ते. विचार करून म्हणाले मी. मुलाने मान वळवून आईकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

पुढे एका हॉटेलच्या सभागृहात डॉक्टरांसमोर मी आमच्या वॉर्डातल्या पेशंटची माहिती मांडली. लक्षणं काय होती, किती बरे झाले, किती गेले. उशिरा दाखल झालेल्यांत मृत्यू जास्त, हे ठासून सांगितलं. त्या उशिरा आलेल्यांत सुनील होता, पत्ता वस्तीतला. समोरून कोणीतरी विचारलं, वस्त्यांमधून जागृती कमी पडते, नाही का? सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीतली माणसं उशिराच येणार, हे आम्हा सगळ्यांना आधीपासूनच पटलेलं होतं ना. म्हणून तर माझं खोटं इतकं सहज खपलं. मीही म्हणाले, तोच मोठा प्रश्न आहे. नंतर जेवणात बासुंदी होती. मी दोन वाट्या घेतल्या.

संगीताताई आता माझ्याच पेशंट आहेत. रक्तदाब. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. तुम्ही शेवटपर्यंत केलंत त्यांचं, म्हणतात. मला त्यांना बोलतं करावं लागत नाही, त्या आपणहून सांगतात — मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला, तिथेच खोली घेऊन राहतो. इथून तास-दीड तासाची वाट, पण येत नाही. पहिल्या वर्षी बाबांचा विषय निघाला तेव्हा एकदाच म्हणाला होता, “आई, डॉक्टरच म्हणाल्या ना तुला.” त्यानंतर तो विषयही नाही आणि फारसं बोलणंही नाही. बुद्धपौर्णिमेला येतो, खीर खातो, जातो. आणि ही बाई शाळा सुटल्यावर वस्तीत घरोघर फिरते. कोणाला ताप आला की दारात उभी राहते आणि सांगते, माझ्यासारखं करू नका, मी उशीर केला.

हे ऐकताना मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत असते. किती वेळा? आणि प्रत्येक वेळी तोंड उघडण्यापासून मला कोणी अडवलं होतं?

गेल्या महिन्यात त्या सासऱ्यांना घेऊन आल्या. साधा खोकला, आदल्या रात्री सुरू झालेला. म्हातारे वैतागले होते, हिने नाश्तासुद्धा करू दिला नाही म्हणून. मी तपासलं, छाती साफ होती. संगीताताई समोरच्या खुर्चीत ताठ बसून होत्या, विद्यार्थ्याने आपला निकाल ऐकावा तशा.

“बघा मॅडम,” त्या म्हणाल्या, “या वेळी उशीर नाही केला मी.”

मी म्हणाले, “बरं केलंत.”